धावणाऱ्यांनी कार्ब्स किती, कधी आणि कशातून घ्यावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी-घर सांभाळून आठवड्याला १५ ते ५० किलोमीटर धावणाऱ्या आणि १० किमी, हाफ (२१ किमी) किंवा फुल (४२ किमी) मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या हौशी धावपटूंसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उदाहरणांतले हिशेब ६० किलो वजनाचे आहेत. तुमचं वजन वेगळं असेल तर त्याच प्रमाणात आकडे बदला. हौशी धावपटूंच्या दोन चुका सतत दिसतात: ५ किमीच्या दिवशी मॅरेथॉनपटूसारखं खाणं आणि लाँग रनच्या, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब धावेच्या दिवशी उपाशी राहणं. पुढची बरीचशी उत्तरं या दोन चुकांभोवतीच फिरतात.

कार्ब्स शरीरात कुठे साठतात?

भात, पोळी, बटाटा, फळं, साखर यांतल्या कर्बोदकांचं पचनानंतर मुख्यतः ग्लुकोज होतं. लगेच न लागणारं ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात साठतं. सर्व स्नायूंत मिळून ३०० ते ४०० ग्रॅम, यकृतात ८० ते १०० ग्रॅम. रक्तात एका वेळी फिरणारं ग्लुकोज मात्र जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा.

इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. स्नायूतलं ग्लायकोजेन त्याच स्नायूच्या कामी येतं, ते रक्तात परत सोडता येत नाही. त्यामुळे मांड्या आणि पोटऱ्या रिकाम्या झाल्या की दंडातला साठा कितीही भरलेला असो, उपयोग शून्य. रक्तातली साखर टिकवण्याचं काम यकृत करतं आणि मेंदूचं सगळं लक्ष तिकडे असतं.

धावताना चरबी जळते की कार्ब्स?

दोन्ही, नेहमीच. प्रमाण वेगावर ठरतं. गप्पा मारत धावता येईल अशा सावकाश वेगात चरबीचा वाटा मोठा असतो. टेम्पो (सलग जोरदार धाव) किंवा इंटरव्हलला (थांबून-थांबून वेगाचे टप्पे) कार्ब्सचा वाटा झपाट्याने वाढतो, कारण त्यांतून ऊर्जा लवकर मिळते आणि ऑक्सिजनही कमी लागतो. एक लिटर ऑक्सिजनमागे कार्ब्समधून साधारण ५ किलोकॅलरी मिळतात, चरबीतून ४.७. फरक छोटा दिसतो, पण दमछाक होत असताना तोच वेग ठरवतो.

सराव वाढला की त्याच वेगाला शरीर चरबी जास्त वापरू लागतं आणि ग्लायकोजेन वाचतं. हा बदल महिनोन्‌महिन्यांच्या सावकाश किलोमीटरांतून होतो, कुठल्याही पावडरीतून होत नाही.

३० किमीनंतर 'भिंत' का लागते?

हिशेब करून पाहू. धावण्याला साधारण वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला १ किलोकॅलरी लागते. ६० किलोच्या धावपटूला फुल मॅरेथॉनला सुमारे २,५०० किलोकॅलरी लागतील. त्यातला ६० टक्के भाग कार्ब्समधून आला तर १,५०० किलोकॅलरी, म्हणजे ३७५ ग्रॅम कार्ब्स. एकूण साठा कागदावर तेवढा आहे, पण पायांच्या स्नायूंतला भाग त्याहून बराच कमी. म्हणून ३० ते ३५ किमीच्या दरम्यान पाय शिशाचे होतात, तोच वेग ठेवायला दुप्पट जोर लागल्यासारखा वाटतो, चिडचिड होते, डोकं साधी बेरीज करेनासं होतं. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर नेमका अशा वेळी समोर येतो.

हाफला चित्र वेगळं आहे. १,२५० किलोकॅलरींपैकी ७० टक्के धरले तरी सुमारे २२० ग्रॅम. साठा भरलेला असेल तर हाफमध्ये भिंत सहसा लागत नाही. लागलीच, तर आदल्या दोन दिवसांत जेवण कमी पडलं होतं किंवा सुरुवातीचा वेग झेपण्यापलीकडचा होता, असं समजावं.

हे ज्ञान जुनं आहे. १९२४ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा गळून गेलेल्यांची साखर खूप खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी त्यांना शर्यतीदरम्यान गोळ्या-मिठाई दिली आणि स्थिती सुधारली. १९६० च्या दशकात स्टॉकहोममध्ये बर्गस्ट्रोम आणि हल्टमन यांनी एकाच पायाने सायकल चालवून घेतली, मग भरपूर कार्ब्सचा आहार दिला. दमलेल्या पायात दमल्याशिवाय राहिलेल्या पायापेक्षा जवळपास दुप्पट ग्लायकोजेन साठलं. शर्यतीआधी साठा काठोकाठ भरून घेण्याची, म्हणजे कार्ब लोडिंगची कल्पना तिथून पुढे आली.

रोज किती कार्ब्स लागतात?

दिवसाच्या कामावर ठरवा, ठरावीक आकड्यावर नको.

विश्रांती किंवा अर्ध्या तासाची हलकी धाव: दर किलोमागे ३ ते ५ ग्रॅम, म्हणजे १८० ते ३०० ग्रॅम.
रोज तासभर धावणं: ५ ते ७ ग्रॅम, म्हणजे ३०० ते ४२० ग्रॅम.
दीड-दोन तासांची लाँग रन आणि तिचा आदला दिवस: ६ ते ८ ग्रॅम, म्हणजे ३६० ते ४८० ग्रॅम.

आपल्याकडच्या नेहमीच्या जेवणात कार्ब्स मुळातच जास्त असतात. आठवड्यात तीनदा ५ किमी धावणाऱ्याला ते 'वाढवण्याची' बहुतेकदा गरज नसते. त्याच्या ताटात प्रथिनं कमी असतात, तिकडे पाहावं.

ताटातल्या पदार्थांत किती ग्रॅम असतात?

एकदा स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा आणि आठवडाभर मोजा. पुढे अंदाज आपोआप येतो. ढोबळ आकडे असे: ३० ग्रॅम कणकेची पोळी २० ग्रॅम; ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी ४२ ग्रॅम; शिजलेला भात १०० ग्रॅम घेतला तर २८; कोरडे पोहे ५० ग्रॅम म्हणजे ३८; साबुदाणा ५० ग्रॅम म्हणजे ४३; मध्यम केळं २५, वेलची केळं त्याच्या निम्मं; उकडलेला बटाटा १०० ग्रॅमला १८ ते २०; ब्रेडचा एक स्लाइस १३; गूळ १० ग्रॅमला ९; साखरेचा सपाट छोटा चमचा ४. वाटी आणि चमचा घराघरांत वेगळे असतात, म्हणून वजनावर विश्वास ठेवा.

पहाटे उपाशीपोटी धावलं तर चालतं का?

४५ ते ६० मिनिटांच्या सावकाश धावेला चालतं. रात्रभरात यकृतातला साठा बराच उतरलेला असतो, पण स्नायूंतला जवळपास तसाच असतो. इंटरव्हल, टेम्पो आणि ७५ मिनिटांपुढची धाव उपाशी करू नका. वेग येत नाही, सराव वाया जातो आणि दिवसभर भुकेने अरबट-चरबट खाणं होतं.

उपाशी धावल्याने त्या तासात चरबी जास्त जळते हे खरं आहे. पण दिवसभराच्या एकूण कॅलरी सारख्याच असतील तर काही आठवड्यांनी अंगावरची चरबी जास्त घटलेली दिसत नाही.

धावण्याआधी काय आणि किती वेळ आधी खावं?

जितका वेळ हाताशी, तितकं खाणं. तीन-चार तास असतील तर व्यवस्थित जेवण, दर किलोमागे ३ ते ४ ग्रॅमपर्यंत. दोन तास असतील तर १ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० ते ९० ग्रॅम: जॅम लावलेले ब्रेडचे तीन स्लाइस आणि एक केळं, किंवा मऊ भात-गूळ. पाऊण तासच असेल तर एक केळं किंवा तीन-चार खजूर.

पहाटे पाचच्या शर्यतीसाठी तीन वाजता खावं लागतं आणि ते नको वाटतं. अशांनी रात्रीचं जेवण सात-साडेसातला पोटभर घ्यावं आणि पहाटे ३० ते ५० ग्रॅम पेयातून घ्यावेत.

शेंगदाण्याचं कूट घातलेली तुपातली साबुदाणा खिचडी या कामाला योग्य नाही. कार्ब्स भरपूर असले तरी तेल-तुपामुळे जठर उशिरा रिकामं होतं आणि सातव्या किलोमीटरला ती आठवण करून देते. कमी तेलातले, दाणे न घातलेले पोहे बरे.

काहींना धावण्याआधी ३० ते ६० मिनिटं गोड खाल्लं की पहिल्या दहा मिनिटांत हात थरथरतात. इन्सुलिन वाढलेलं असताना स्नायूही साखर ओढू लागल्यामुळे ती तात्पुरती घसरते. असं होत असेल तर तेच गोड वॉर्मअपच्या वेळी, सुरू होण्याआधी ५ ते १० मिनिटं घ्या.

धावताना किती घ्यावं?

४५ मिनिटांपर्यंत काही नको, तहान लागली तर पाणी. ४५ ते ७५ मिनिटांच्या जोरदार धावेत एखादा गोड घोट पुरतो. गंमत म्हणजे तो गिळलाच पाहिजे असंही नाही. गोड पेय ५-१० सेकंद तोंडात खुळखुळवून थुंकलं तरी तोंडातले संवेदक मेंदूला इंधन येत असल्याचा निरोप देतात आणि जोर वाढतो. २००४ मध्ये सायकलस्वारांवर हे दाखवलं गेलं, सुधारणा सुमारे ३ टक्क्यांची होती. पोट बिघडलेल्या धावपटूला शेवटच्या टप्प्यात ही युक्ती फार कामी येते.

सव्वा ते अडीच तासांसाठी ताशी ३० ते ६० ग्रॅम. त्याहून लांब धावेला ६०, आणि पोटाला सवय असेल तर ९० पर्यंत. चार-पाच तासांत मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्या बहुतेक हौशी धावपटूंना ४५ ते ६० पुरेसे आहेत. हे वजनावर फारसं अवलंबून नाही, कारण अडसर आतड्यात आहे. ग्लुकोज वाहून नेणारी तिथली प्रथिनं ताशी सुमारे ६० ग्रॅमलाच भरतात. फ्रुक्टोजची वाट वेगळी, म्हणून दोन्ही एकत्र घेतल्यास जास्त शोषलं जातं. साधी साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज. महाग पाकिटावर 'दुहेरी स्रोत' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, ते घरच्या साखरेतही आहेच.

पहिला घास ३० ते ४० मिनिटांनी, मग दर २५-३० मिनिटांनी. भूक लागायची वाट पाहू नका. थकवा जाणवल्यावर घेतलेलं जेल (पाकिटातला घट्ट गोड पाक) रक्तातली साखर सावरतं, पण रिकामे झालेले स्नायू धावता धावता पुन्हा भरत नाहीत.

जेलऐवजी गूळ, खजूर, चिक्की, इलेक्ट्रॉल चालेल का?

गूळ, खजूर, केळं उत्तम. २५ ग्रॅम कार्ब्सचं एक जेल म्हणजे साधारण २८ ग्रॅम गूळ, किंवा लहान असतील तर चार-पाच खजूर. बिया घरीच काढा, पळताना ते जमत नाही. गूळ घामाने आणि उकाड्याने पाघळतो, म्हणून सुपारीएवढे खडे करून बटरपेपरात गुंडाळा. शेंगदाण्याची चिक्की नको: स्निग्धांशामुळे हळू पचते, कोरडी असल्याने घशात अडकते. राजगिऱ्याची वडी हलकी आहे, पण पाण्याशिवाय तीही उतरत नाही.

इलेक्ट्रॉलसारख्या जलसंजीवनीबाबत मोठा गैरसमज आहे. लिटरभर द्रावणात ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं. ते क्षार आणि पाणी भरून काढायला आहे, इंधन म्हणून नाही. शहाळ्याच्या पाण्यातही १०० मिलीला ४ ग्रॅमच्या आसपासच साखर असते.

घरचं पेय: ५०० मिली पाणी, साखरेचे सपाट ७ ते ८ छोटे चमचे (सुमारे ३० ग्रॅम), मीठ पाव छोट्या चमच्याच्या निम्मं, अर्धं लिंबू. हे ६ टक्क्यांचं द्रावण होतं. साखर दुप्पट केली तर ते घट्ट होतं, पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि पोटात मुरडा येतो.

जेल घेतलं की पोट बिघडतं. काय चुकतं?

पाहण्याचा क्रम असा ठेवा. जेल पाण्याशिवाय किंवा स्पोर्ट्स ड्रिंकबरोबर घेतलं का? प्रत्येक जेलमागे १०० ते १५० मिली साधं पाणी हवं. सुरुवातीचा वेग जास्त होता का? जोरात धावताना आतड्याचं रक्त कमी होतं, उकाड्यात अजूनच. मुंबईच्या दमट हवेत हे लवकर जाणवतं. आदल्या रात्री उसळ, राजमा, कच्ची कोशिंबीर किंवा भरपूर दूध झालं का? आणि सगळ्यात नेहमीचं कारण: एक्स्पोमध्ये (शर्यतीआधीच्या प्रदर्शनात) घेतलेलं नवं जेल थेट शर्यतीत वापरलं का?

आतड्यालाही सराव लागतो. शर्यतीआधी ६ ते ८ आठवडे दर लाँग रनला ताशी २०-३० ग्रॅमपासून सुरुवात करा, दर एक-दोन आठवड्यांनी १० ग्रॅम वाढवा. साखर वाहून नेणारी प्रथिनं सवयीने वाढतात, जठरही वेगाने रिकामं होऊ लागतं. सरावात एकदाही न घेता शर्यतीत ६० ग्रॅम घेणं म्हणजे पोटाशी जुगार.

कार्ब लोडिंग कसं करावं? आदल्या रात्री पास्ता पुरतो का?

एका रात्रीत होत नाही, आणि रात्री उशिराचं भरपेट जेवण झोप मोडतं. दीड तासापेक्षा लांब शर्यतीआधीचे ३६ ते ४८ तास दर किलोमागे ८ ते १० ग्रॅम, सोबत धावणं अगदी कमी. आधी तीन दिवस कार्ब्स तोडून शरीर रिकामं करायची जुनी पद्धत आता लागत नाही, तिच्याशिवायही साठा भरतो. ५ आणि १० किमीसाठी लोडिंग करूच नका.

४८० ग्रॅमचा एक दिवस असा दिसतो. सकाळी ८० ग्रॅम पोह्यांचे पोहे, एक केळं, साखरेचा चहा: ९५. अकराला लिंबू सरबत आणि चार खजूर: ५०. दुपारी १२५ ग्रॅम तांदळाचा भात, पातळ वरण, बटाट्याची भाजी: १४०. चारला तीन स्लाइस ब्रेड-जॅम: ६५. सहाला केळं आणि पेलाभर फळांचा रस: ४५. रात्री आठच्या आत १०० ग्रॅम तांदूळ आणि थोड्या मूगडाळीची मऊ खिचडी: ९०. यात तेल-तूप कमी, चोथा कमी. एरवी चांगली असलेली ज्वारी-बाजरीची भाकरी या दोन दिवसांत बाजूला ठेवावी, कारण एवढे कार्ब्स तिच्यातून घ्यायचे तर पोट जड होतं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे कार्ब्सच्या नावाखाली पुरी, बिर्याणी, पिझ्झा. त्यात स्निग्धांश वाढतो, पोट भरतं आणि कार्ब्स ठरल्यापेक्षा कमीच जातात.

काट्यावर एक-दोन किलो वाढलेले दिसतील. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठतं, हे तेच वजन. घाबरून शर्यतीच्या आदल्या दिवसाचं जेवण टाळू नका.

कीटो किंवा लो-कार्ब करून मॅरेथॉन पळता येईल का?

कीटो म्हणजे कार्ब्स जवळपास बंद करून बहुतेक ऊर्जा चरबीतून घेणं. तसं करून मॅरेथॉन पूर्ण करता येईल. वेगवान होण्याची शक्यता कमी. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अव्वल चालस्पर्धकांना तीन आठवडे कीटो आहार दिला. चरबी वापरण्याची क्षमता खूप वाढली, पण त्याच वेगाला ऑक्सिजन जास्त लागू लागला आणि १० किमीच्या स्पर्धेत भरपूर कार्ब्स घेणारे सुधारले, कीटोवाले नाहीत. आमचं मत स्पष्ट आहे: वेळ सुधारायची असेल तर कीटो नको. वैद्यकीय कारणाने करत असाल तर वेगाची अपेक्षा कमी ठेवा.

वजन कमी करायचंय, मग कार्ब्स तोडू का?

५ किमीला ३०० किलोकॅलरी खर्च होतात, जवळपास एका वडापावाइतक्या. त्यामुळे ५ किमीनंतर स्पोर्ट्स ड्रिंक आणि वर नाश्त्याला दोन वडापाव हे गणित बसत नाही. कपात करायचीच तर विश्रांतीच्या दिवशी आणि धावेपासून दूरच्या जेवणात करा: साखरेचे चहा, बिस्किटं, फरसाण, दुसऱ्यांदा वाढलेला भात. लाँग रनच्या आदल्या रात्रीचं आणि धावेनंतरचं जेवण तोडू नका.

शनिवारी उपास असतो आणि रविवारी लाँग रन. काय करावं?

उपासाच्या पदार्थांत कार्ब्स मुबलक आहेत: भगर, साबुदाणा, रताळं, बटाटा, केळी, खजूर, राजगिरा. अडचण तेलकटपणाची आणि निर्जळी उपासाची. भगरीचा भात, उकडलेलं रताळं आणि ताक घेतलंत तर रविवारची धाव नीट होईल. निर्जळी एकादशी असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी लाँग रन ठेवू नका, एक दिवस पुढे ढकला. रोजे असतील तर जोरदार सराव इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी, हलकी धाव इफ्तारच्या अगदी आधी.

साताऱ्याच्या हिल हाफसारख्या घाटात हिशेब बदलतो का?

बदलतो. यवतेश्वरचा चढ चढताना जोर जास्त, म्हणून कार्ब्स वेगाने खर्च होतात. वेळही सपाट हाफपेक्षा जास्त लागतो. ताशी ४५ ग्रॅम धरा आणि पहिला घास चढ संपण्याआधीच घ्या, दम लागलेला असताना चावणं जमत नसेल तर पेयातून. उतारावर मांड्यांच्या स्नायूंना बारीक इजा होते आणि इजा झालेला स्नायू ग्लायकोजेन हळू भरतो. सपाट शर्यतीनंतर दिवसभरात होणारं काम इथे दोन-तीन दिवस घेतं. तितके दिवस जेवण कमी करू नका आणि जोरदार सराव ठेवू नका.

मधुमेह आहे. धावताना गोड घेऊ का?

भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं, त्यामुळे हा प्रश्न प्रत्येक धावगटात असतो. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढतो आणि हा फायदा धावेनंतर २४ ते ४८ तास टिकतो. म्हणून धावणं मधुमेहींसाठी फार चांगलं.

फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर धावताना धोकादायक खाली जाणं दुर्मिळ आहे, त्यांना तासाभराच्या धावेत गोडाची गरज नसते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी साखर मोजावी: ९० (मिग्रॅ/डेसिलिटर) च्या खाली असेल तर १५-२० ग्रॅम ग्लुकोज घेऊन थोडं थांबून निघावं, आणि खिशात ग्लुकोज कायम ठेवावं. ७० च्या खाली गेली तर धाव थांबवा, १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. २५० च्या वर असून तपासणीत कीटोन्स (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) असतील तर धावू नका. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर असताना कीटो आहार किंवा लांब उपास करून धावणं धोक्याचं आहे, साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त धोकादायक आम्लधर्मी करणारा कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो. डोस बदलायचा निर्णय डॉक्टरांचाच. इंटरव्हलनंतर साखर वाढलेली दिसली तर दचकू नका, अॅड्रेनलिनमुळे यकृत साखर सोडतं आणि ती तासा-दोन तासांत बहुधा उतरते.

धावायला लागल्यापासून पाळी अनियमित झाली. याचा खाण्याशी संबंध आहे का?

असू शकतो, आणि हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. धावणं वाढलं, जेवण तेवढंच राहिलं की शरीर प्रजनन, हाडं आणि प्रतिकारशक्ती यांवरचा खर्च कापतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला स्वतंत्र नाव देऊन इशारा दिला. सगळ्यांना वाढून शेवटी उरलेलं खाणाऱ्या बाईच्या बाबतीत हे नकळत घडतं. सलग तीन महिने पाळी आली नाही, किंवा नडगीत एका जागी दुखणं जात नसेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा आणि तोवर किलोमीटर कमी करा. पुरुषांतही कामेच्छा घटणं, सततची मरगळ ही तशीच खूण असते.

धावल्यावर लगेच खाल्लंच पाहिजे का?

आठ तासांच्या आत पुन्हा धावायचं असेल तर हो: पहिले चार तास दर तासाला किलोमागे १ ग्रॅम. एरवी घाई नाही. तास-दोन तासांत ६० ग्रॅम कार्ब्स आणि २०-२५ ग्रॅम प्रथिनं असलेला नाश्ता करा, उदाहरणार्थ पोळ्या आणि तीन अंडी, किंवा डोसे आणि पनीर. पूर्ण साठा भरायला साधारण २४ तास लागतात.

शर्यतीत खायचं विसरलो आणि ३२ किमीला पाय संपले. आता?

वेग लगेच कमी करा, एक-दोन मिनिटं चाला. दोन जेल किंवा मूठभर गूळ-खजूर एकदम कोंबू नका. २५ ग्रॅम पाण्याबरोबर घ्या, दहा मिनिटांनी पुन्हा १५-२० ग्रॅम. मळमळत असेल तर गोड पेय तोंडात खुळखुळवा. १५-२० मिनिटांत डोकं ताळ्यावर येईल, पाय पूर्वीसारखे होणार नाहीत, म्हणून उरलेलं अंतर चाल-पळ करत संपवा. खाऊनही गोंधळल्यासारखं होत असेल, आणि त्यातून भरपूर पाणी प्यायलेलं असेल, तर सोडियम उतरल्याची शक्यता असते: आणखी पाणी न पिता वैद्यकीय तंबूत जा.